विमलच्या जागेवरचं पान

खेळ तसा पोरकटच होता, पण सातपूरच्या त्या कारखान्यात पॅकिंगच्या सात बायकांना जेवणाच्या सुट्टीत त्याचं वेड होतं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर विमलनं रंगवलेली सात पानं होती, सहा गावकरी आणि एक सुरेवाला खुनी. आपापलं पान बघून सगळ्यांनी डोळे मिटायचे. खुन्यानं हळूच कुणाच्या तरी मनगटाला हात लावायचा. जिला लागला तिनं "मी मेले" म्हणायचं आणि बाकीच्यांनी खुनी ओळखायचा.

विमलला जाऊन पंधरा दिवस झाले होते. तरी शालननं सवयीनं तिच्या जागेवरही पान टाकलं, आणि ते उचलायला कुणी धजेना.

डोळे मिटले. मंजुषाच्या मनगटाला बर्फासारखा गार हात लागला.

"कोण मेलं गं?" शालननं विचारलं. कुणीच बोलेना. शेवटी वैतागून तिनं सगळ्यांना पानं दाखवायला लावली. सहाच्या सहा गावकरी निघाले.

"म्हणजे खुनी विमलकडे," शालन हसली. "मग मरणार कोण? डाव फुकट गेला."

सगळ्या हसल्या. मंजुषाही हसली. पदराखाली तिनं गारठलेलं मनगट घट्ट धरलं होतं, आणि नियमाचे ते दोन शब्द ती काही केल्या तोंडाबाहेर येऊ देत नव्हती.