जरा ॲडजस्ट करा

आज सकाळपासून तुम्ही मला एकदा तरी उच्चारले असेल. आता मलाच बोलू द्या. मी 'ॲडजस्ट': जन्माने परदेशी क्रियापद, वास्तव्याने मुंबईकर.

माझे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'जवळ' या अर्थाच्या शब्दापासून माझी घडण झाली. जवळ आणणे हेच माझे जन्मकार्य. फ्रेंचमधून येताना लोकांनी 'न्याय्य' या अर्थाच्या दुसऱ्याच शब्दाशी माझे नाते जोडले. ते खरे नव्हते, पण मी नाकारले नाही. थोर घराण्याशी सोयरीक कोणाला नको असते? इंग्रजीत मी तराजू आणि घड्याळे नेमकी करण्याच्या कामी आलो. पुढे मराठीने मला घरात घेतले, मात्र एकट्याने उभे राहू दिले नाही. 'करणे'चा हात धरूनच मी येथे चालतो.

येथेच मी संशयी झालो. माझ्याआधी 'जरा' आला की मी कान टवकारतो. मला उच्चारणारा सहसा जागचा हलत नाही. हलायचे असते समोरच्याने.

दिंडोशीच्या वसाहतीतील शेवंतीबाईंकडे माझे जाणे-येणे फार. पती विद्याधर वारल्यावर गावच्या घरातील त्यांची खोली दिराकडे गेली, तेव्हा मी होतो. घरच्याच हळदीकुंकवाला त्या आत दूध आटवत राहिल्या, तेव्हाही मीच होतो. त्यांचे उत्तर ठरलेले असे: "करते ना."

यंदा त्यांची एकुलती लेक जान्हवी हिचे लग्न ठरले. धाकटे दीर जयवंत पत्नी उत्तरा हिच्यासह बोलणी करायला आले. त्यांचा आवाज चहापेक्षा गोड झाला आणि मी सावध झालो.

"वैनी, कन्यादानाक मी आणि उत्तरा बसतंव. भटजींचा म्हणणा तसाच आसा. तुमी जरा ॲडजस्ट करा."

शेवंतीबाई पदराशी चाळा करू लागल्या. लेकीचा हात वराच्या हाती देण्याचा तो एकच क्षण. त्यासाठी त्यांनी पतीने घेतलेली हिरवी साडी कपाटातून काढून उन्हात घातली होती. ओठांवर "करते" आलेच होते.

"थांब गं आई," जान्हवी म्हणाली. "काका, मी भटजींना फोन केला होता. ते म्हणाले, आई बसली तर काहीच हरकत नाही. तुम्ही त्यांना विचारलंच नाहीत ना?"

"तुका लय अक्कल इली! लोका काय म्हणतली?"

"लोकांना ॲडजस्ट करायला सांगा ना."

उत्तराबाईंना हसू आले. ते त्यांनी पदरात लपवले. जयवंतराव "बघू" म्हणून उठले. त्या 'बघू'वर मी कणभरही विश्वास ठेवला नाही.

लग्नाच्या दिवशी माझी शंका खरी ठरली. मुलीकडच्यांसाठी दोनच पाट मांडले होते आणि दोन्ही भरलेले. "वैनी, जेवणाकडे जरा बघा," असे सांगून शेवंतीबाईंना आत पिटाळले होते. मी त्या वाक्यात नव्हतो, पण 'जरा' होता.

"मुलीचा हात," भटजी म्हणाले.

जान्हवीने दोन्ही हात मांडीवरच ठेवले. "आई आल्याशिवाय नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. जयवंतरावांनी डोळे वटारले. जान्हवीची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती, आणि माझीही. त्या बाई आल्या नाहीत तर?

त्या आल्या. अंगावर हिरवी साडी, काखेत पाट. दिरासमोर उभ्या राहून त्यांनी मला उच्चारले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांनी मला दुसऱ्याला उद्देशून वापरले.

"भावोजी, जरा ॲडजस्ट करा."

जयवंतरावांनी आधाराला भटजींकडे पाहिले.

"सरका की हो," भटजी म्हणाले, "मुहूर्त टळतोय."

आधी उत्तराबाई सरकल्या. मग जयवंतरावही सरकले, हातभर. लेकीच्या लगत तिसरा पाट पडला. शेवंतीबाईंनी जान्हवीचा हात हाती घेतला आणि मला माझे जन्मकार्य आठवले.

एका हातभर जागेने माझा संशय फिटलेला नाही. जयवंतराव आजही मला जिभेवर बाळगून आहेत, बहुधा तुम्हीही. मला उच्चारण्यापूर्वी एकदा खाली पाहा, तुमचा पाट किती सरकला आहे ते. मी तर पाहणारच आहे.