सात पावलांचा अंधार

आत्यानं लिहिलेल्या चौदाव्या नाटकात नऊ माणसं आहेत आणि ती नऊही आत्या एकटीच करते. एक पोस्टमन, एक मुख्याध्यापिका, एक चोर, दोन सख्ख्या वैरिणी बहिणी वगैरे. वयाच्या सहाव्या वर्षी, आजारी पडलेल्या एका मुलाच्या जागी, ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली. पुढच्या पंचावन्न वर्षांत तिनं सासवा केल्या, सेनापती केले, गाणाऱ्या राण्या केल्या, एकदा तर म्हातारं अस्वलही केलं. लिहायला लागली ती रागानं. "चाळिशीनंतर बाईला दोनच कामं, आई नाहीतर भूत. म्हटलं, आपलं आपणच लिहावं."

माझं काम विंगेत बसून संहिता धरायचं. पदवी हातात होती, नोकरी नव्हती, म्हणून हे काम. प्रॉम्प्टिंग मात्र करायचं नाही. आत्याला आजवर कुणी विंगेतून एक शब्दही पुरवलेला नाही आणि तिला त्याचा भारी अभिमान. मी फक्त प्रत्येक प्रसंगाची वेळ घेते. त्यामुळे ती मला मोजपट्टी म्हणते.

पोस्टमन खुर्चीत बसून शेवटचं वाक्य बोलतो आणि ब्लॅकआउट होतो. अंधारात आत्या उठते, टोपी काढते, सरळ पुढे सात पावलं चालते आणि थांबते. स्पॉट पडतो तेव्हा तिथे मुख्याध्यापिका उभी असते. संहितेत तसंच लिहिलंय: पावलं सात. जमिनीवर चमकती पट्टी लावायला तिची सक्त मनाई. आणि ती थांबते तिथून पुढे पंचेचाळीस सेंटिमीटरवर रंगमंच संपतो. खाली वादकांसाठी पुरुषभर खोल खड्डा.

प्रयोग सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात लाइटवाले काका मेकअपच्या खोलीत आले. "बाई, तुम्ही स्पॉटच्या मागे राहताय. निम्मा चेहरा अंधारात जातो."

"तुमचा दिवा सरकला असेल, काका. वय झालं त्याचं."

"दिव्याचं?" काका म्हणाले. मग आपण काय बोललो ते कळून ते घाईनं निघून गेले.

दिवा सरकला नव्हता. मी शिडीवर चढून पाहिलं, नट गच्च होते. मग तालमीच्या आधी मी काळ्या फळ्यांवर टाल्कम पावडर शिंपडली, आणि आत्या गेल्यावर टेप लावून टाचेपासून टाचेपर्यंत मोजलं. खुर्चीपासून स्पॉटची जागा चारशे चौतीस सेंटिमीटर. म्हणजे नाटक बसवलं तेव्हा तिचं पाऊल बासष्टचं असणार. आता ते त्रेपन्नचं होतं. सात पावलांत त्रेसष्ट सेंटिमीटर कमी. उजव्या पायाचा ठसा तर ठसाच नव्हता. पाय उचलण्याऐवजी ओढला की पडतो तसा पांढरा फराटा होता.

घरी मी विषय काढला. "आत्या, डॉक्टरकडे जाऊ या. तुझी पावलं आखूड पडतायत."

"आखूड झालं की शिंप्याकडे जातात, डॉक्टरकडे नाही."

"थट्टा नको ना. तुझं अक्षरही बारीक होत चाललंय. नव्या पानांवर ओळीच्या शेवटी तर नुसत्या मुंग्या."

ती चहा गाळत होती. गाळणं तसंच धरून थांबली. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलूही नकोस. हे बाहेर फुटलं की लोक नाटक बघायचं सोडून माझे पाय बघतील. त्यापेक्षा मी घरी बसेन. आणि मी घरी बसले तर काय होईल, ते तुझ्या बापाला विचार. भाऊ आहे माझा, त्याला माहितीये."

"मग निदान आठ पावलं टाक."

"सात म्हणजे सात. सात पावलांत पोस्टमनचा श्वास संपतो आणि मुख्याध्यापिकेचा सुरू होतो. मी मोजून लिहिलंय ते. तुला काय वाटतं, मोजता फक्त तुलाच येतं?"

पण रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी, पडद्यामागे कुणी नसताना, मी खुर्ची त्रेसष्ट सेंटिमीटर पुढे सरकवली. कुणालाच सांगितलं नाही. आत्याला कळलंही नाही. डोळ्यांवर दिवे असले की तिला पुढची कड दिसत नाही. पहिले पाच प्रसंग सुरळीत गेले. मला वाटलं, किती सोपं होतं हे.

पोस्टमनचं भाषण सुरू झालं. मी पान उलटलं. समासात काहीतरी होतं. आधी मला ते शाईचा ठिपका वाटला. पान दिव्याशी नेलं. सातावर बारीकशी रेघ होती आणि शेजारी, मुंगीएवढा, आठ.

तिनं माझं ऐकलं होतं. मला न सांगता.

आठ गुणिले त्रेपन्न, अधिक त्रेसष्ट. चारशे सत्याऐंशी. कड चारशे एकोणऐंशीवर. टाचसुद्धा फळीवर पडणार नव्हती.

लाइटवाले काका सभागृहाच्या पार मागच्या खोलीत. तिथपर्यंत धावायला मिनिट लागतं आणि पोस्टमनची दोन वाक्यं उरली होती. मी हात हलवला. आत्या प्रेक्षकांकडे बघत होती. मी ओरडले असते तर सगळं तिथेच संपलं असतं: प्रयोग, तिचा अभिमान, आणि ती जे लपवत होती तेही. पोस्टमन म्हणाला, "उद्या पत्र आलं नाही तरी मी येईनच." अंधार झाला.

तिची पावलं ऐकू यायला लागली. एक ठोका, एक घासल्याचा आवाज. ठोका, घासणं. पाच. सहा. सातव्याला ती थांबेल, सवयीनं थांबेल, असं मी स्वतःला सांगत होते. सातव्या पावलाचा ठोका पडला आणि पुन्हा घासणं सुरू झालं.

"आत्या, थांब!"

सभागृहात कुणीतरी दचकून खोकलं. स्पॉट पडला. आत्या उभी होती. उजवा पाय अर्धाच टेकलेला, बोटं कडेच्या बाहेर. तिनं खाली पाहिलं आणि मग सावकाश मान वर केली.

"कोण ओरडलं ते?" मुख्याध्यापिकेच्या आवाजात ती म्हणाली. "वर्गाबाहेर उभं करा तिला."

प्रचंड हशा पिकला. मला रडू आलं. ती सावरली होती, आता ती एक पाऊल मागे घेईल आणि प्रयोग पुढे जाईल. तिची टाच उचलली गेली आणि तिथेच टेकली. पुन्हा उचलली, पुन्हा तिथेच. कंबरेवरचं अंग मागे यायला बघत होतं, पाय येत नव्हते. हसू विरलं. लोक पुढे झुकून बघायला लागले. नवं काहीतरी चाललंय, असं त्यांना वाटलं असावं. अंग आता पुढे कलत होतं.

आत्यानं मान वळवून विंगेकडे पाहिलं. नऊ माणसांपैकी कुणाचाच नसलेल्या, घरातल्या आवाजात ती म्हणाली, "मोजपट्टी, हात दे."

मी उजेडात गेले आणि मागून तिच्या कमरेला मिठी घातली. तिचं सगळं अंग बारीक थरथरत होतं.

"खुर्ची तू हलवलीस," ती कुजबुजली.

"हो."

"बरं. उजवा उचलतच नाहीये. घट्ट धर."

पहिल्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. काय करावं ते काकांना कळेना. त्यांनी स्पॉट आमच्यावरच ठेवला.