घासून काढलेल्या टाकीची कैफियत

मित्रांनो, मी काचेची एक जुनी टाकी आहे आणि माझा मुक्काम कपाटात आहे. तुम्ही कधी या घरी आलात तर दिवाणखान्यातल्या मोठ्या मत्स्यालयासमोर उभे राहाल, रंगीत प्रवाळ बघून तोंडात बोटं घालाल आणि चहा पिऊन निघून जाल. त्याच मत्स्यालयाच्या खाली जे लाकडी कपाट आहे, त्यात मी असते. वरच्या बाईसाहेबांचा सगळा थाट माझ्या जिवावर चालतो, पण माझं नाव कोणी काढत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलं आहे.

तरुणपणी मीही दिवाणखान्यात होते. माझ्यात सोनेरी मासे होते आणि पाहुण्यांची मुलं माझ्या काचेला नाक लावून बसायची. माझे मालक दातांचे डॉक्टर. एके दिवशी त्यांच्या डोक्यात खाऱ्या पाण्याचं वेड शिरलं आणि ही भली मोठी नवी टाकी घरात आली. सोनेरी मासे त्यांनी एका मित्राला दिले. आता आपली रवानगी भंगारात, असं मी धरून चालले होते.

पण अशा समुद्री मत्स्यालयाला खाली आणखी एक टाकी लागते. वरचं मळकं पाणी नळीतून खाली येतं, गाळून निघतं, निवळतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. या खालच्या टाकीला संप म्हणतात. त्या जागेवर माझी नेमणूक झाली. ही बढती होती की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टरांनी माझ्या पोटात काचेचे पडदे चिकटवून तीन खोल्या केल्या. सांध्यांतला डिंक त्यांनी दवाखान्यातल्या हत्याराने, दाढेत सिमेंट भरावं तसा दाबून बसवला, आणि काम करता करता सवयीने मला म्हणाले, "आ मोठा करा." मला झाकणच नाही, मी आणखी काय उघडणार? मग त्यांनी मला काठोकाठ भरलं, पंप सुरू केला आणि बायकोला कौतुकाने हाक मारली. पंप बंद केला तरी सगळं कसं जागच्या जागी राहतं, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी बटण बंद केलं. वरच्या बाईसाहेबांनी आपलं पाणी नळीतून उलटं माझ्यावर ओतलं आणि मी भरभरून वाहिले. डॉक्टरांची बायको शाळेत भूगोल शिकवते. ती शांतपणे खुर्चीवर चढली आणि म्हणाली, "भरती आली वाटतं."

त्यानंतर डॉक्टर सुधारले. त्यांनी मला अर्धंच भरलं आणि वर जाणाऱ्या नळीला दात कोरायच्या यंत्राने एक बारीक भोक पाडलं. पंप बंद पडला की त्या भोकातून हवा आत शिरते आणि पाणी उलटं यायचं थांबतं. ते भोक मात्र नामी आहे, मी खोटं बोलणार नाही.

माझी मधली खोली खरी महत्त्वाची. तिच्यात जाड वाळूचा थर आहे, वर दिवा आहे आणि हिरव्या लोकरीच्या गुंत्यासारखं शेवाळ आहे. हे शेवाळ पाण्यातली घाण खाऊन वाढतं. त्याच्या आडोशाने ठिपक्याएवढे किडे लाखांनी जन्माला येतात आणि पंपातून वर जातात. दिवसभर लोकांच्या दातांवरचा थर खरवडायचा आणि घरी येऊन तोच दिवा लावून वाढवायचा, असा माणूस आपल्या वाट्याला आला, असं डॉक्टरांची बायको मैत्रिणींना फोनवर सांगायची.

मग वरती छबू आली. बोटभर लांबीची मासोळी, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा. पाकिटातल्या खाण्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. दगडा-दगडावरून फिरून दिवसभर माझ्याकडचे किडे टिपत राहायची. तिचं नाव आत्यांनी ठेवलं होतं.

आत्या म्हणजे डॉक्टरांच्या आत्या. त्यांनीच डॉक्टरांना लहानाचं मोठं केलं. मोठ्या रुग्णालयात त्या मुख्य परिचारिका होत्या आणि त्यांनी पुसलेल्या जिन्यावरून शल्यविशारदसुद्धा चपला हातात घेऊन जायचे, असं म्हणतात. निवृत्त होऊन त्या इथे राहायला आल्या. सांधे दुखत, वेळ जात नसे. त्या दुपारभर छबूसमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि तिला जुन्या रुग्णांच्या गोष्टी सांगायच्या. छबू ऐकते, असं त्यांचं ठाम मत होतं.

एकदा डॉक्टर आणि त्यांची बायको एका लग्नासाठी परगावी गेले. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी कसं घालायचं, हे डॉक्टरांनी आत्यांना नीट दाखवलं. माझ्या मधल्या खोलीबद्दल मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी आत्यांना कपाटाच्या फटीतून उजेड दिसला. कपाटात दिवा कोण जाळतं म्हणून त्यांनी दार उघडलं, चष्मा लावला आणि मला बघितलं.

मित्रांनो, त्या नजरेने मी गारठले. आपल्या छबूच्या पायाखाली हा उकिरडा, असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि पदर खोचला. साबण लावला नाही, तेवढं त्यांना कळत होतं. पण शेवाळ कचऱ्यात गेलं. वाळू नळाखाली पांढरीशुभ्र होईपर्यंत धुतली गेली. मला कढत पाण्याने आणि ब्रशने असं घासलं की माझे कोपरे झोंबू लागले. मग पिंपात तयार असलेलं खारं पाणी घालून त्यांनी पंप सुरू केला आणि दिवा बंद केला. मी जन्मात एवढी सुंदर दिसले नव्हते. आत मात्र चिटपाखरू नव्हतं.

डॉक्टर परत आले तेव्हा आत्यांनी उद्घाटन करावं तशी कपाटाची दारं उघडली. डॉक्टर खाली फरशीवरच बसले. मला वाटलं, आता हे बोलतील. पण ज्या बाईने आपल्याला वाढवलं, तिला काय बोलणार? "लख्ख झाली गं," एवढंच ते म्हणाले.

काही दिवसांनी छबूचं पोट खपाटीला गेलं. वरच्या दगडांवर उरलेसुरले किडे तिने संपवले होते. आत्या तिला तिन्ही त्रिकाळ पाकिटातलं घालत, ती तोंड फिरवी. शेवटी एके सकाळी आत्या चहा तसाच ठेवून डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"बाब्या, खरं सांग. हिला काय झालंय?"

"उपाशी आहे, आत्या."

"अरे, मी घालते की रोज."

"ती तसलं नाही खात. तिला जिवंत किडे लागतात. ते खाली शेवाळात व्हायचे."

आत्यांनी कपाटाजवळ येऊन माझ्याकडे बघितलं. मला त्यांची फार दया आली.

"म्हणजे मी तिचं स्वयंपाकघर धुऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "आणि तू लख्ख म्हणालास. गाढवा, रुग्ण मरायला टेकला की मग सांगतात का? गाडी काढ."

पुढचं मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. माशांच्या दुकानात शिरून आत्यांनी हुकूम सोडला, "तुमच्याकडचं सगळ्यात घाण असेल ते द्या." दुकानदाराने त्याच सकाळी दुकान झाडूनपुसून घेतलं होतं, त्याला जरा लागलंच. पण त्याने आपल्या संपातलं बादलीभर शेवाळ किड्यांसकट दिलं. वरचे दगड पुन्हा किड्यांनी भरेपर्यंत मासोळी दुकानातच ठेवा, असंही तो म्हणाला. आत्यांनी त्याला साफ नकार दिला. ती आपल्या डोळ्यांसमोर बरी होईल, असं त्यांनी सांगितलं. मग घरी येऊन डॉक्टरांनी शेवाळ माझ्या मधल्या खोलीत सोडलं, दिवा लावला आणि छबूलाही जाळीने अलगद माझ्यातच उतरवलं.

आत्यांनी खुर्ची हलवली आणि कपाटासमोर ठेवली. गुडघे धरून त्या वाकून बघत राहिल्या. छबू आधी कोपऱ्यात पडून होती. मग शेवाळाजवळ सरकली, थबकली आणि तिने एक ठिपका टिपला. आत्यांनी चष्मा काढून पुसला. तिने दुसरा टिपला. मी किती खूश झाले म्हणून सांगू!

आता छबू चांगली गुबगुबीत झाली आहे आणि तिचा मुक्काम पुन्हा वर हलला आहे. परवा डॉक्टर कापड घेऊन माझी हिरवट झालेली काच पुसायला बसले, तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला.

"हात लावू नकोस. तिथे कुणीतरी राहतं."

मित्रांनो, तुम्हीही जिथे तिथे ब्रश घेऊन धावू नका. आधी गुडघे टेकून आत जरा बघत जा.