आधी चेहरा धुऊन ये

कॅमेऱ्यासमोर बिनपावडरीच्या तोंडानं बसायचं? छे! पावडरकाकूंनी उभा जन्म नवऱ्या सजवण्यात घालवला होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टर आता पडद्यावर दिसतात आणि आपणही त्यांना दिसतो, हे कळल्यावर त्या सकाळी उठल्या त्या थेट आरशासमोर. क्रीम, पावडर, गालांवर लाली, ओठांना रंग, नखांनासुद्धा! हल्ली जिना चढताना धाप लागायची, ब्रश धरला की हात थरथरायचा. त्यावर औषध हवंच होतं, कारण पुढच्या महिन्यात लाडक्या नातीचं लग्न. तिला दुसऱ्या कुणी सजवलं तर काकूंचं नाकच कापलं की!

कोपऱ्यातल्या खोलीत सिस्टरनं कॉम्प्युटर लावून दिला. पडद्यावरच्या डॉक्टरबाईंनी धाप, भूक, झोप सगळं विचारलं, निरखून बघितलं.

"चेहरा तर टवटवीत आहे, आजी. नखं? वा, छान! वयोमानानं थकवा येतोच. ताकदीच्या गोळ्या देते, महिन्यानं बघू."

काकू अशा खुलल्या! शेजारी बसलेल्या सुनेला मात्र राहवेना.

"आई, पुसा ते तोंड."

"गप गं! चारचौघांत?"

"मग बसा धापा टाकत. माझ्या लेकीला सजवेल दुसरंच कुणीतरी."

हे वर्मी लागलं. काकू चिडल्या, सुनेवर आणि त्याहून जास्त स्वतःवर. नवरी कितीही घाईत असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: आधी चेहरा धुऊन ये, खालची कातडी बघितल्याशिवाय मी ब्रश लावत नाही. आणि आज डॉक्टरलाच रंग दाखवून बसल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"सिस्टर, ओला कापूस द्या. नखांचा रंग काढायचं औषध माझ्या पर्समध्ये आहे."

लाली गेली, ओठांचा रंग गेला. खालचा चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा पांढरा निघाला. सुनेचा हात तोंडावर गेला. डॉक्टरबाई खुर्ची सरकवून पुढे झाल्या.

"डोळ्याची खालची पापणी ओढा बरं... अगं बाई! आजी, अंगात रक्तच नाहीये तुमच्या. गोळ्यांवर भागायचं नाही. आजच मोठ्या दवाखान्यात जा, मी कळवते तिथे. का कमी झालंय ते शोधायला हवं."

"आणि लग्न?"

"आज निघालात तर लग्नात उभ्या असाल."

"निघालेच म्हणून समजा!"

काकूंनी पर्समधली पावडरची डबी काढून सुनेच्या हातात ठेवली.

"सांभाळ. तुझ्या लेकीला लावायच्या आधी मी मागितली, तरी देऊ नकोस."