फळीवरून उतरलेला डबा

मी जेवण पोचवायचा डबा बोलतोय. ॲल्युमिनियमचा, सरकत्या दाराचा. कोरियातल्या कुन्सान बंदराजवळच्या ओक-बुन काकूंच्या खाणावळीत मी आलो आणि एकोणीस वर्षं तिथल्या नोकराच्या, थे-सिकच्या हातात राहिलो. गोदीत, न्हाव्याच्या दुकानात नूडल्स पोचवायच्या आणि दुपारी रिकामे वाडगे गोळा करून आणायचे, हे आमचं काम. गिऱ्हाईक नसलं तरी थे-सिकचा पगार चालू असे. बदल्यात तो तुंबलेली मोरीही साफ करी, कुरकुरत.

मग लोक ॲपवरून जेवण मागवू लागले आणि ते ॲपचीच माणसं पोचवू लागली.

"दिवसभर माणूस ठेवणं आता झेपत नाही रे," एकदा काकू वाडगे पुसत म्हणाल्या.

"मीही तेच बोलणार होतो," थे-सिक म्हणाला. "ॲपवर कामं घेतली तर आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेता येईल. तुमच्याकडे सुट्टी मागायची म्हणजे आधी तुमचा मूड बघायचा."

काकू हसल्या. दोघांनाही हायसं वाटलं. मी फळीवर गेलो.

त्याने आईच्या वेळा सांभाळल्या. काकूंचा खर्च घटला. पण पावसात कुणी काम घेईना, नूडल्स फुगून वाया जात. नवख्यांना गल्ल्या सापडत नसत.

डिसेंबरच्या बर्फावर, मासळीबाजारापाशी थे-सिक घसरला. उजवं मनगट मोडलं. ॲपवर 'लवकर बरे व्हा' असा संदेश आला आणि त्याची खेप दुसऱ्याने उचलली. काम बंद, कमाई बंद.

काकूंना न्हाव्याकडून कळलं. त्यांनी मला खाली काढलं, आत नूडल्सचे दोन वाडगे ठेवले आणि त्याच्या घराचे चार मजले चढल्या.

"काकू, मी आता तुमचा नोकर नाही," थे-सिक दारातच म्हणाला.

"म्हणूनच स्वतः आणावं लागलं. सरक."

डाव्या हातातून त्याच्या जेवायच्या काड्या निसटत होत्या. शेवटी आईने भरवलं. तो खाली मान घालून खात राहिला.

"हात बरा झाला की परत येतोस?" काकूंनी विचारलं.

"आईचे दिवस सोडून येईन. पण पुन्हा पडलो तर?"

"पगार कापणार नाही."

"लिहून द्या."

काकूंना ते लागलं. पण त्यांनी लिहून दिलं.

आता आठवड्यातून तीन दिवस मी त्याच्याबरोबर फिरतो. बाकीचे दिवस अनोळखी माणसं कापडी पिशव्या घेऊन येतात. त्यांतल्या काहींना असं सुटं कामच बरं वाटतं, काकूंनाही खर्च कमी पडतो. माझं दार वाकलंय, फार दिवस टिकणार नाही. एवढंच मागतो: जेवण मागवलंत तर जिन्यातला दिवा लावून ठेवा. वर येणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात.