धाकटीचा बॉयकट

तो काळच उफराटा होता. बाप्यांनी केस खांद्यापर्यंत वाढवले, कल्ले जबड्यापर्यंत उतरवले आणि बायका माझ्या पार्लरात येऊन बॉयकट मागू लागल्या. मला काय, माझा धंदा तेजीत होता.

माझ्या धाकट्या बहिणीने मात्र कमरेखाली रुळणारी वेणी कापली नव्हती. एका दुपारी ती आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, काप. चिमटीतही येणार नाहीत एवढे बारीक कर."

"डोकं फिरलंय का तुझं? लोक या केसांवर जीव टाकतात!"

तिने मान वाकवली. मानेच्या वर, वेणीच्या मुळाशी, नाण्याएवढं टक्कल होतं आणि त्यावर ओली खपली. नवरा वेणी मनगटाला गुंडाळून तिला या खोलीतून त्या खोलीत फरफटवायचा. साबणाचा भाव सांगावा तसं तिने हे सांगितलं. काल त्याने तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं.

"पुढच्या वेळी मी उठायची नाही," ती म्हणाली. "धरायलाच काही नसलं, तर निदान दारापर्यंत पळता येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर लोकांची डोकी हाताळणारी मी, आणि सख्ख्या बहिणीचं डोकं मला दिसलं नव्हतं! मी कात्री घेतली आणि वेणी कापली. मग उरलेलेही बारीक केले.

मी तिच्या मानेवरचे केस झटकत होते, तेवढ्यात तिला शोधत नवरा आला. दिसायला देखणा, कानांवर केसांचे झुपके, मागच्या खिशात कंगवा.

"कुणाला विचारून कापलेस?" म्हणत त्याने तिच्या मानेमागे हात घातला. समोर भादरलेलं डोकं दिसत होतं, तरी हात सवयीने तिथेच गेला. मुठीत काहीच आलं नाही. झटका वाया गेला आणि तोल जाऊन तो बाजूच्या बेसिनवर तोंडघशी आपटला.

"पळ!" मी ओरडले. दार उघडंच होतं.

ती पळाली नाही. तिने त्याच्या कानांवरचे झुपके दोन्ही मुठींत धरले आणि त्याचं तोंड बेसिनच्या काठावर आणलं. दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग तिने पुन्हा आपटलं, आणि पुन्हा. "केस सोड, अगं केस सोड!" तो रक्त थुंकत भेकत होता. आता मात्र मी घाबरले.

"मरेल गं तो!" मी तिची बोटं उकलू लागले. ती उकलेनात. शेवटी तिनेच सोडलं. तो जमिनीवर घसरला आणि तोंड धरून कण्हत राहिला.

ती आपल्या मुठींकडे बघत होती. बोटांत त्याचे केस मुळासकट आले होते.

"ताई," ती म्हणाली, "मला वाटायचं, यांच्या अंगात राक्षसाचं बळ आहे. केस धरून आपटायला तर काहीच बळ लागत नाही गं."