गोपालची छाप

योगेंद्रचं सेलूत हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्यात सगळ्यात जास्त खपायची ती कुलपं. लोक म्हणायचे, दुकान शोभून दिसतं मालकाला. घरच्या दाराला दोन कुलपं, एक आतून, एक बाहेरून. गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली की हा ती उजेडात धरणार, उलटी करून परत धरणार, आणि मग गिऱ्हाइकाकडे असं बघणार की त्या बिचाऱ्यालाच आपण नोट छापली की काय असं वाटावं.

अशा माणसाला प्रफुलचा फोन आला. साल दोन हजार आठ, दिवाळी संपून आठवडा झालेला.

"योगेंद्रभाऊ, पार्टीची सीडी काढू म्हणतो. गोपाल अन् लहानूच्या नावानं. तळेगावच्या स्पर्धेले दहा वर्षं झाली. तुमच्यापाशी तळेगावची कॅसेट आहे ना?"

"आहे. काऊन?"

"सीडीत गोपालचा आवाज पायजे ना, भाऊ."

योगेंद्रने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "दाल में कुछ काला है."

"तुमाले त वरणातबी काळंच दिसते," ज्योत्स्ना म्हणाली आणि वरणाला फोडणी द्यायला गेली.

आता ही पार्टी म्हणजे काय, ते सांगायला हवं. सत्त्याण्णव साली सेलूच्या चार पोट्ट्यांनी टीव्हीवर सैल पँटी घातलेली, हातवारे करत भराभरा बोलणारी पोरं पाहिली आणि त्यांना वाटलं, हे तर आपणही करू. 'चार पोट्टे पार्टी' असं नाव घेतलं. प्रफुलकडे कॅसिओ होता. लहानू तोंडाने ढोल, ट्रॅक्टर, म्हैस, काय पाहिजे ते वाजवायचा. योगेंद्रच्या हातात खंजिरी, कारण तो भजनी मंडळात वाढलेला. आणि त्याचा धाकटा भाऊ गोपाल, त्याचा गळा. गोपाल बोलायला लागला की गाणं म्हणतोय की भांडतोय कळायचं नाही, पण पाय मात्र हलायचे. गावातले म्हातारे या प्रकाराला बडबड-भजन म्हणायचे. त्यात खोटंही काही नव्हतं, कारण भजनाची एक रीत योगेंद्रने पार्टीत जशीच्या तशी आणली होती. शेवटच्या ओळीत गाणं जुळवणाऱ्याचं नाव यायचं. तिला छाप म्हणायचं. ज्याची छाप त्याचं गाणं, ते त्यानेच म्हणायचं. दुसऱ्याची छाप तोंडात घेणं म्हणजे चोरी. आणि ज्याचं स्वतःचं गाणं नाही, त्याने माइकसमोर उभंच राहायचं नाही, मागे टाळ्या वाजवायच्या. हा कायदा योगेंद्रचा आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

एवढा गळा असूनही गोपालला वर्षभर टाळ्याच वाजवाव्या लागल्या. मग अठ्ठ्याण्णवच्या शारदोत्सवात, तळेगावच्या स्पर्धेच्या आठ दिवस आधी, तो 'लाईन गेली' घेऊन आला. वीज जाण्यावरचं गाणं, तीन कडवी आणि छाप. तळेगावात लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. पहिला नंबर आला. परतताना जीपमध्ये सगळे खुशीत होते आणि योगेंद्रने भावाला विचारलं, "खरं सांग, कोनाचं चोरलं?"

प्रफुल खिडकीबाहेर बघत राहिला आणि गोपालने मान फिरवली. त्यानंतर सहा महिने तो भावाशी कामापुरतं बोलला, आणि वैशाखात नागपूर रोडवर ट्रकने त्याची गाडी उडवली. दोन वर्षांनी लहानू काविळीने गेला. पार्टी संपली.

योगेंद्रला तो प्रश्न गिळता आला नाही की थुंकता आला नाही. आपण सख्ख्या भावाला चोर म्हटलं आणि तो तसाच गेला. तेव्हापासून त्याने मनाशी एक गाठ मारली होती. 'लाईन गेली' गोपालचं आहे आणि गोपालचंच राहील. त्याच्या नावाला कोणी बोट लावलं तर गाठ आपल्याशी आहे. कॅसेट कपाटात, डांबरगोळ्या घालून, कुलपात. भावाची माफी मागायची आता तेवढीच एक जागा उरली होती.

तेव्हा प्रफुल ती कॅसेट मागतो म्हणजे काय? हा तर पार्टीत शब्दांचा राजा. आता सावंगीला मेडिकलच्या पोरांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ काढतो, स्वतःचा स्टुडिओ आहे. दहा वर्षांनी याला गोपालचा पुळका कुठून आला? मांजर डोळे मिटून दूध पितं, पण योगेंद्रचे डोळे उघडे होते.

"कॅसेट मी स्वतः आणीन," त्याने कळवलं. "अन् माह्या डोळ्यासमोर कॉपी करजो."

तो एसटीने वर्ध्याला आणि तिथून ऑटोने सावंगीला गेला. कॅसेट बंडीच्या आतल्या खिशात, वरून हात. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, छताला अंड्यांचे ट्रे. एक चष्मेवाला ऑपरेटर कॉम्प्युटरपुढे बसला होता. लोडशेडिंग दुपारी चारला होतं, म्हणजे हातात तीन तास.

प्रफुल जाडजूड झाला होता. त्याने वाकून नमस्कार केला. योगेंद्रला तेही खटकलं. पूर्वी कधी वाकला नव्हता.

"आधी कव्हर दाखव."

प्रफुलने कव्हर दाखवलं. चौघांचा जुना फोटो, आणि खाली, 'लाईन गेली: शब्द आणि आवाज, गोपाल.' योगेंद्रने तीनदा वाचलं. कागद उजेडात धरून पाहिला. सगळं सरळ होतं. आता इतकं सरळ कशासाठी, म्हणून तो आणखीच सावध झाला.

कॅसेट लागली. तळेगावच्या शिट्ट्या, लहानूचा ट्रॅक्टर, आणि मग गोपाल. दहा वर्षांनी त्या गाद्यांच्या खोलीत त्याचा भाऊ भांडल्यासारखा गाऊ लागला. तीन कडवी झाली. छापेच्या आधी टेप घरघरली आणि आवाज चेपून गेला. ती पट्टी कधीकाळी टेपरेकॉर्डरच्या पोटात अडकली होती, हे योगेंद्रला माहीत होतं.

"छाप परत म्हणा लागीन," प्रफुल म्हणाला.

आलं! योगेंद्र सरसावून बसला. "अन् ते तू म्हणशील."

"मी नाई. तुमी म्हणा, भाऊ. तुमी त्याचे सख्खे."

"तू काऊन नाई?"

"मी नाई म्हणत," प्रफुल एवढंच बोलला आणि खाली पाहू लागला.

योगेंद्रला हे उत्तर मुळीच पटलं नाही. ज्याला आयती संधी मिळते आणि जो ती सोडतो, त्याच्या पोटात नक्की काहीतरी शिजत असतं. पण छाप भावाची होती, आणि मेलेल्या भावासाठी त्याने आपल्या कायद्याला सूट दिली. त्याने खंजिरी उचलली. "कुठून उचलू, ते दाखव."

प्रफुलने टेबलावर बोटांनी ताल धरला आणि तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ गुणगुणला. मान डोलत होती, डोळे मिटलेले होते, आणि त्या ओघात तो पुढे म्हणून गेला:

"भाऊ माहा कंदील घेऊन सावलीले पुसते,
कोठं गेलती, कोनासंगं, अन् मले न सांगता काऊन गेलती ते."

आणि त्याची बोटं जागच्या जागी थांबली.

ऑपरेटर फिस्सकन हसला. योगेंद्र हसला नाही.

"हे काय होय? या दोन ओळी गाण्यात नाईत."

"चुकून निघालं, भाऊ. जाऊ द्या."

"माह्यावर आहे हे. माही टिंगल. तू लिहिली?"

"नाई. गोपालनं."

योगेंद्रने खंजिरी खाली ठेवली. म्हणजे गोपाल लिहीत होता! प्रफुलच्या तोंडून, साक्षीदारासमोर! दहा वर्षं त्याला हेच कोणाकडून तरी ऐकायचं होतं. "पाह्य!" तो जवळजवळ ओरडला. "म्हणजे जुळवत होता तो. त्याच्या हातचं आहे सारं!"

प्रफुल गप्प बसला. ही चुप्पी योगेंद्रच्या ओळखीची होती. असाच प्रफुल जीपमध्ये बसला होता, खिडकीबाहेर बघत.

"बोल ना बे."

"त्याचं एवढंच," प्रफुल म्हणाला. "या दोन ओळी. बाकी माह्यं."

ऑपरेटर उठून पाणी प्यायला बाहेर गेला. शहाणा माणूस होता.

"तुमी त्याले माइकपाशी उभं नव्हते राहू देत," प्रफुल सांगत होता. "गाणं आण म्हणे, मंग उभा राह्य. तो घरी येऊन रडला माह्या. दोन महिने बसला वही घेऊन, या दोन ओळी झाल्या. मंग म्हणे, प्रफुल, एक गाणं दे, माही छाप टाकून दे. अन् शपथ घातली, भाऊले सांगजो नोको. याबी ओळी तालमीच्या दिवशी काढून टाकल्या त्यानं. तुमी समोर बसले होते ना. भ्याला."

"अन् जीपमध्ये?"

"जीपमध्ये तुमी इचारलं तवा त्यानं माह्याकडे पाह्यलं, भाऊ. मी बोललो असतो त तवाच मिटलं असतं. मी बाहेर पाहत राह्यलो. शपथ होती म्हणा. पण खरं सांगू, मलेबी थोडं वाटलं, का माह्या गाण्यावर हा हार घालून घेऊन राह्यला, त होऊ दे याची थोडी फजिती." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणून छाप मी म्हणत नाई."

योगेंद्र गादीच्या भिंतीला टेकला. म्हणजे त्याचा संशय बरोबर होता. दहा वर्षं तो ज्या प्रश्नाबद्दल स्वतःला खात होता, तो प्रश्न अगदी बरोबर होता, आणि बरोबर असण्याचा त्याला इतका तिटकारा कधीच आला नव्हता. पोरगं चोर नव्हतं. ते माइकसमोर उभं राहायला तडफडत होतं, आणि दाराला कुलूप लावून बसलेला होता सख्खा भाऊ.

पण योगेंद्र तो योगेंद्रच. तेवढ्या रडवेल्या अवस्थेतही त्याच्या मनात आलंच: हा सांगतो तेच खरं कशावरून? या दोन ओळी तरी गोपालच्या कशावरून? आताच मला गप्प करायला रचल्या नसतील कशावरून?

त्याने खंजिरी उचलून हलक्या हाताने ठेका धरला आणि ओळी मनात म्हणून पाहिल्या. पहिली बसली. दुसरी बसेना. तिच्यात शब्द मावत नव्हते, ठेका संपला तरी ओळ आपली पुढे धावत होती, 'मले न सांगता काऊन गेलती ते'. त्याने पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. प्रफुलने शाळेच्या प्रार्थनेतही कधी ताल सोडला नव्हता. त्याच्या हातून अशी लंगडी ओळ झोपेतसुद्धा निघाली नसती. ही दोन महिने वही घेऊन बसलेल्या, न जुळणाऱ्या पोराचीच ओळ होती. आणि त्या पोराला जगात लिहायला विषय सुचला तो आपला भाऊ.

योगेंद्रला हसू आलं आणि त्याच हसण्यात तो रडला. प्रफुलने त्याच्याकडे पाहिलं नाही, तेवढी समज त्याला होती.

"पावणेचार झाले," ऑपरेटर दारातून म्हणाला. "एकच टेक होईल."

योगेंद्रने बाहीने तोंड पुसलं आणि माइकसमोर उभा राहिला. "या दोन ओळी टाकायच्या. छापेच्या आधी."

"भाऊ, लोक हसतीन तुमच्यावर."

"हसू दे. त्याचं काहीतरी पायजे ना गाण्यात. तवाच मले त्याची छाप म्हणता येईन. अन् कव्हरवर तुहं नाव टाकजो, त्याच्या बाजूले."

प्रफुलने मान हलवली. कॅसिओ वाजू लागला. योगेंद्रने खंजिरी वाजवत, साऱ्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःची टिंगल म्हटली. दुसरी ओळ ठेका ओलांडून गेली आणि त्याचा हात तिच्यासाठी थांबून राहिला. मग छाप:

"गोपाल म्हने, लाईन गेली, कंदील ठेवा हाती,
अंधारातच ओयखू येतात खरी-खोटी नाती."

ऑपरेटरने कानावरचा हेडफोन काढला. "छान झालं. फक्त त्या दुसऱ्या ओळीत ताल चुकला, भाऊ. अजून दहा मिनिटं लाईन आहे, परत घेऊ. नाहीतर मी कॉम्प्युटरवर कापून बरोबर करतो."

"हात लावजो नोको," योगेंद्र म्हणाला. "ताल नाई चुकला. माह्या भावाची ओळ तेवढीच लांब आहे."